रायफल सोडून सगळं

माझं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थाने वडिलांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "मुलाला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही." खोटं नव्हतं ते. सुपारी नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. एवढंच सांगायचं राहून गेलं की मुलगा रायफलींचं सामान जमवतो. रायफली नव्हेत हं. सामान. रायफलीला लायसन लागतं, आणि आमच्या ह्यांची सरकारी कचेरीतली हिंमत पान खाऊन जिन्यात थुंकण्याइतकीसुद्धा नव्हती. त्यामुळे रायफल सोडून रायफलीचं जे जे काही असतं ते सगळं आमच्या रत्नागिरीच्या दोन खोल्यांत होतं. तंबाखू असती तर परवडली असती, निदान डबीत मावते.

मूळ दुखणं वेगळंच होतं. तरुणपणी हे सैन्याच्या भरतीला गेले होते. पळण्यात पास झाले, उंचीत पास झाले, आणि छातीत नापास. दोन बोटं कमी भरली म्हणे. श्वास भरून भरून डोळे पांढरे केले तरी ती दोन बोटं काही वाढली नाहीत. मग बांधकाम खात्यात कारकून म्हणून चिकटले, आणि तिथे छाती कुणी मोजत नसल्यामुळे कायम झाले. पण मनातून शिपाई उतरला नाही. पहिल्या महायुद्धातले, दुसऱ्या महायुद्धातले, ब्रह्मदेशातून आलेले, आफ्रिकेतून आलेले जेवढे म्हणून जवान आपल्या जिल्ह्यातल्या गावांत परत आले, त्यांच्या ट्रंकांच्या तळाशी काय काय पडलंय, याचा शोध आमच्या सेनापतींनी लावला.

सामान म्हणजे काय, ते सांगते. कॅनव्हासचे खांद्याला अडकवायचे पट्टे, टोकांना पितळ. संगिनीची म्यानं, आत संगीन नाही. नळीच्या तोंडाला लावायची टोपणं. पाच गोळ्या अडकवायच्या क्लिपा, गोळ्या नाहीत. कॅनव्हासचे पाऊच, आत वाळवी. आणि रायफलीच्या दस्त्यात ठेवायची करंगळीएवढी पितळेची तेलाची बाटली, जिच्या झाकणाला आतून एक चिमुकला चमचा असतो. घरी पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी तो चमचा दाखवला जाई. माझा भाऊ एकदा मुंबईहून आला, त्याने अर्धा तास ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "भाऊजी, पण बंदूक कुठाय?" त्यानंतर आठ दिवस माझ्या माहेरचा विषय निघाला की हे नाक मुरडायचे.

आणखी एक वस्तू होती, तिला हे 'फुलथ्रू' म्हणायचे. शिपायांची भाषा. लांब दोरी, एका टोकाला पितळेचं लांबुळकं वजन, दुसऱ्या टोकाला चिंधी अडकवायचं भोक. वजन नळीतून खाली सोडायचं, मग दोरी ओढायची, की नळी आतून साफ. मी एकदा पाहिलं आणि मनात म्हटलं, सरकारने ही वस्तू कुणासाठी का बनवली असेना, परकराची नाडी ओवायला हिच्यासारखी दुसरी नाही. महिनाभर वापरली. शेजारणीही मागून न्यायला लागल्या. एक दिवस हे कचेरीतून लवकर आले आणि पाहिलं, तर त्यांचं दुसरं महायुद्ध माझ्या निळ्या परकराच्या नेफ्यातून बाहेर येत होतं. दोन दिवस जेवले नाहीत. मी म्हटलं, बरंय, तांदूळ वाचला.

पावसाळ्यात तर विचारू नका. आपल्याकडची हवा. चामड्याला बुरशी, कॅनव्हासला वास, पितळेला हिरवा रंग. माणसं छपरातून गळणाऱ्या पाण्याखाली पातेली ठेवतात, आमच्याकडे आधी पट्टे हलवले जायचे आणि मग मुलांची अंथरुणं. माझ्या शिवणयंत्राचं तेल कायम संपलेलं, कारण ते चामड्याला चोळलेलं असे. यंत्र करकरायचं. चामडं मात्र कसं मऊ, लोण्यागत!

ह्या वस्तू आणायचे कशा? तर बोहारणीचा धडा गिरवला होता. पैसे देऊन विकत मागितलं की म्हातारे जवान बिथरतात, सरकारी वस्तू विकायची कशी म्हणतात. पण खेड्यात तेव्हा स्टीलच्या भांड्याला फार मान. म्हणून फिरतीवर निघताना पिशवीत माझा एखादा स्टीलचा डबा जायचा, आणि येताना पितळेचा कचरा यायचा. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेले डबे. प्रत्येकावर माझं सासरचं नाव, लग्नाची तारीख आणि खाली रत्नागिरी, असं टोच्याने ठिपके मारून घातलेलं. आपल्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं घरात येतं का? कुणाच्या कार्याला भांडी गेली तर परत कशी ओळखायची? तर असे माझे डबे एकेक करून गेले. खेडपासून अलोऱ्यापर्यंत अशी वाडी नसेल जिथे माझ्या नावात कुणी पोहे भरून ठेवले नसतील.

अलोऱ्याला कोयनेच्या वसाहतीत काही दुरुस्तीचं काम होतं, तिकडे ह्यांची दोन दिवसांची फिरती पडली. येताना स्वारी इतकी खूश की चपला न काढता घरात. हातात ती तेलाची बाटली. तशा चार होत्या आमच्याकडे, पण ही म्हणे वेगळी. बुडाला कारखान्याचा शिक्का, साल, सगळं स्पष्ट. ते साल ह्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं. तिथल्या बौद्धवाडीत एका घरातून मिळाली होती. एरवी त्या बाजूला कधी पाय न टाकणारे आमचे हे त्या दिवशी तिथे ओट्यावर बसून दोन कप चहा पिऊन आले होते. पितळ दिसलं की आमच्या घराण्याचं सगळं सोवळं असं विरघळायचं. "घरातल्या सुनेने आनंदाने दिली," हे म्हणाले. बदल्यात माझा पोह्यांचा मोठा डबा गेला होता. सून आनंदाने देईल नाहीतर काय!

पुढच्या महिन्यात गावात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरायचं होतं. कुणाची नाणी, कुणाचे शंखशिंपले, कुणाचे अडकित्ते, आणि आमचं हे शस्त्रागार. ह्यांना झोप लागेना. वस्तू हरवली तर? कुणी अदलाबदल केली तर? दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणार नाही असा उपाय ह्यांनी शोधला, आणि तो फक्त आपल्याकडच्याच माणसाला सुचू शकतो. सगळं पितळी सामान पिशवीत घातलं आणि राम आळीत भांड्यांच्या दुकानाबाहेर नाव घालणारा बसायचा त्याच्याकडे नेलं. प्रत्येक वस्तूवर स्वतःचं नाव घालून आणलं! लग्नातल्या तांब्यावर घालतात तसं. आद्याक्षरं, आडनाव, रत्नागिरी. करंगळीएवढ्या बाटलीवर हे सगळं मावतंय कशाला, आडनाव वळसा घेऊन मागे गेलं होतं.

"आणि बघ," हे कौतुकाने म्हणाले, "त्या अलोऱ्याच्या बाटलीवर कुणीतरी खिळ्याने ओरखडे मारून ठेवले होते. तेही त्याने पॉलिशच्या चाकावर धरून घालवून दिले. वरचे पैसेसुद्धा घेतले नाहीत."

मी म्हटलं, "वा. आता हळदीकुंकवाला वाटायला हरकत नाही."

प्रदर्शन झालं. दिवसभर माणसं आली आणि दिवसभर एकच प्रश्न विचारून गेली, की रायफल कुठाय. आमच्या ह्यांना पोरं बंदूकवाले म्हणायला लागली, ते त्या दिवसापासून.

त्यानंतरच्या रविवारी, दिवाळी तोंडावर आलेली, मी चकलीची भाजणी भाजत होते. दारात एक म्हातारी उभी. सत्तरीच्या अलीकडची, बारकी, ताठ. काखेत लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी. तिने ते ओट्यावर ठेवलं, गाठ सोडली, आणि आतून निघाला माझा पोह्यांचा डबा.

"ह्यो डबा तुमचा," ती म्हणाली. "नाव हाय त्यावर. ष्ट्यांडवर वाचून घेतलं, तर बंदूकवाल्याचं घर म्हनून पोरानं दावलं. घ्या. आनि माजी बाटली द्या."

पहाटेच्या एस.टी.ने निघाली होती. मी आत बोलावलं तर आली नाही, ओट्यावरच बसली. पाणी दिलं ते घटाघटा प्यायली. मग बोलायला लागली, आणि काय सांगू, माझ्यापेक्षा तिखट जीभ मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. सुरुवात सुनेपासून. सासू भात कापायला शेतात गेली आणि हिने स्टीलची चकाकी बघून बाटली देऊन टाकली, जल्लं मेलं ते स्टील; आणि सासूला पत्ता लागला तो दिवाळीची घासपूस काढली तेव्हा. मग मुंबईतला मुलगा, ज्याला बायको आवरत नाही. आणि मग नवरा.

नवरा पलटणीत होता. लढाईवर बोटीने जायच्या आधी रजेवर आला होता, नुकतं लग्न झालेलं. घराचं दार करकरायचं, म्हणून खिशातली सरकारी बाटली काढून त्याने बिजागरीला तेल घातलं, फळीवर ठेवली आणि विसरून गेला. "त्येचं डोसकं तसंच. जेवला की हात धुवायचा इसरायचा." पुढे शेजारच्या गावचा एक शिपाई रजेवर आला, त्याच्याकडे निरोप पाठवला होता, की बाटली जपून ठेव, हवालदार बोंब मारतोय, पुढच्या रजेला येईन तेव्हा घेऊन जाईन. तो पुढच्या रजेला आलाच नाही. सरकारने कळवलं, बेपत्ता.

"बेपत्ता म्हंजे पत्ता नाय," ती म्हणाली. "मेला असं कुनी सांगितलं नाय. आला की त्येला बाटली जमा कराया लागंल. सरकारी वस्तू हाय. नंबर हाय त्येचा तिच्यावर, त्येनं सोता खिळ्यानं घातलेला. दर दिवाळीला मी राखेनं घासते, पन नंबरावर जोर नाय देत."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे दारात उभे होते, आणि भरतीच्या वेळीसुद्धा गेला नसेल असा चेहऱ्यावरचा रंग गेला होता.

"आणा ना," मी म्हटलं. "आणा बाहेर. वाट कसली बघताय?"

बाटली मखमलीच्या तुकड्यात होती. म्हातारीने ती उन्हात धरली, फिरवली, आणि परत पुढे केली. "ही न्हवं. दुसऱ्या कुनाची तरी हाय. माजी काडा."

"हीच आहे, आजी," हे म्हणाले.

तिने झाकण उघडलं. आतला चमचा एका अंगाला वाकलेला होता. तो बघितल्यावर तिने पुन्हा बाटली फिरवली, सावकाश, चारी बाजूंनी. "मग नंबर?"

आमच्या ह्यांनी सांगितलं. ओरखडे वाटले, पॉलिश, प्रदर्शन. मध्येच कुठेतरी "सुरक्षिततेसाठी" असाही एक शब्द आला. कचेरीत बसून बसून लागलेली सवय.

मला वाटलं, आता ही आमचा उद्धार करणार. मी तयारच होते, तिच्या बाजूने चार शब्द घालायला. पण तिने बाटली डोळ्यांजवळ नेली. त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवत राहिली. "हे काय लिवलंय?" तिने मला विचारलं. मी सांगितलं, ह्यांचं नाव. "आसं," ती म्हणाली. "आमच्या मानसाचं काडून तुमचं घातलंत."

हे म्हणाले, "चुकलं, आजी."

"चुकलं काय? आपल्या वस्तूवर मानूस नाव घालतोच."

तेव्हा माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मी ह्यांना टोमणे मारत आले, त्यात निम्मी गंमत होती. त्या क्षणी गंमत उरली नाही. खरा राग आला, पोटातून. म्हटलं, "कुठल्या कारखान्यात, कुठल्या साली बनली ते तुम्हाला बुडाखालच्या मुंगीएवढ्या अक्षरांत वाचता आलं. आणि माणसाने हाताने घातलेले आकडे तुम्हाला ओरखडे वाटले? कुठे टिपून तरी ठेवलेत का?" नव्हते ठेवले. मी भाजणीखालचा गॅस बंद केला, चपला घातल्या आणि म्हटलं, "चला राम आळीत. तिघंही."

दिवाळीचे दिवस म्हणून रविवार असूनही दुकान उघडं होतं. नाव घालणारा फळकुटावर मांडी घालून तांब्या-पेल्यांच्या ढिगात बसलेला. मी सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. ह्यांचं नाव त्याने चाकावर धरून काढलं, दोन मिनिटांत. लायसनची भीती बाळगणाऱ्या माणसाचं नाव इतक्या लवकर निघतं, हे पाहून मला बरं वाटलं. बाटली आरशासारखी झाली.

"आता सांगा आजी," तो म्हणाला, "काय घालू?"

म्हातारीला अक्षर येत नव्हतं, आकडा येत नव्हता. पण चाळीसेक दिवाळ्या ते खिळ्याचे फराटे तिने पाहिले होते. फळकुटावर पितळेचा बारीक भुगा पसरला होता. त्यात तिने बोटाने काढायला सुरुवात केली. एक उभी रेघ. तिच्या शेजारी एक वाटोळं, खाली शेपूट. मग एक कोयतीसारखं वळण. इंग्रजी आकडे होते ते, नाव घालणाऱ्याने ओळखले, तोंडाने म्हणत गेला. मी आणि हे दोघंही तिच्या बोटाकडे बघत होतो. चौथा आकडा तिने काढला, पुसला, पुन्हा काढला. बोट थांबलं.

"पुढे, आजी?"

तिने डोळे मिटले. बोट हवेत. बाजारात आकाशकंदील घेणाऱ्यांची गर्दी, फटाक्यांवर हटून बसलेली पोरं, आणि ही बाई डोळे मिटून उभी. मग डोळे उघडून म्हणाली, "आता हातात असती तर दिसला असता. न्हेमी बघायची ना, म्हनून ध्यानात कशाला ठेवीन?"

"मग आजोबांचं नाव घालू का?" नाव घालणारा म्हणाला. "चांगलं, ठळक. पैसे नकोत मला."

"सरकारला नाव काय करायचंय? सरकारला नंबर लागतो."

"मग जेवढे आठवतात तेवढे घालू? बाकीचे अंदाजाने?" हे बोलणारे आमचे हे. राम आळीत पहिल्यांदा तोंड उघडलं ते असं.

म्हातारीने तळहाताने भुगा सारखा करून टाकला. "नको," ती म्हणाली. "चुकीचा नंबर घातला तर दुसऱ्याच कुनाची हुयाची. त्यो कुनी आला तर काय सांगू?"

बाटली तशीच, कोरी, तिने लुगड्याच्या कनवटीला खोचली. जेवायला थांबा म्हटलं, थांबली नाही. डबा परत घेऊन जा म्हटलं, तर हातही लावला नाही. एस.टी. स्टँडपर्यंत आम्ही दोघं तिच्या मागे चालत गेलो. हे वाटेत दोनदा काहीतरी बोलायला म्हणून पुढे झाले आणि दोनदा मागे पडले. चिपळूणची गाडी लागलेली होती. मी तिला खिडकीजवळची जागा धरून दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभी राहिले.

तिने कनवटीची बाटली काढली. उन्हात ती लखलखत होती, दुकानातल्या नव्या भांड्यासारखी. सकाळपासून ती नवऱ्याला शिव्या देत होती, सुनेला देत होती, तो सगळा जोर आता गेला होता.

"बाय," ती म्हणाली, "इतकी वर्सं मी ही त्येची म्हनून सांभाळली. आता कुनाची म्हनून ठेवू?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी सुटली.